अबाय वाचायचाय? मग चरित्रापासून सुरू करू नका

कझाकस्तानचा कवी अबाय कुनानबायेव वाचायचाय पण कुठून सुरू करू, असं आमच्या ठाण्याच्या वाचन ग्रुपमध्ये कोणी ना कोणी विचारतंच. जन्म १८४५, मृत्यू १९०४ हे पाठ करत बसू नका, आधी फोनवर ‘बुक ऑफ वर्ड्स’चं इंग्रजी भाषांतर शोधा. एकूण ४५ छोटे गद्य तुकडे आहेत, त्यांना ‘शब्द’ म्हणतात, ठाणे-वाशी लोकलमध्ये एक आरामात होतो, आणि दिवसाला एकच घ्या, जास्त नको.

पहिला शब्द घ्याच. राज्यकारभार बघू का, गुरं राखू का, विद्या करू का, असं एकेक बाजूला ठेवत तो शेवटी कागद आणि शाईवर येतो. दुसऱ्यात तो सांगतो की लहानपणी आमचे लोक उझबेक, तातार, रशियन सगळ्यांना हसायचे आणि मोठेपणी कळलं की कष्टात, कसबात तेच पुढे आहेत. हे मला जाम लागलं, कारण सोसायटीत दुसऱ्या भाषेच्या पोरांची नक्कल करून मीही हसलोय. मग थेट सातवा, हे काय ते काय विचारणाऱ्या लहान मुलाचा, घरात तीन-चार वर्षांचं पोर असेल तर दोनदा वाचा. ३८वा सगळ्यात लांब आणि धर्मचिंतनाचा, तो शेवटी.

आता माणसाकडे वळा. खरं नाव इब्राहिम, आजी झेरे लाडाने अबाय म्हणायची, म्हणजे जपून वागणारा, विचारी. १८९५ मध्ये मुलगा अब्दरहमान गेला, त्याच्यावरच्या कविता सलग वाचवत नाहीत, मधे थांबा. १९०४ मध्ये दुसरा मुलगा मगाविया गेला आणि काही आठवड्यांत अबायही. कवितांचं पहिलं पुस्तक निघालं १९०९ ला, सेंट पीटर्सबर्गला, त्याने ते पाहिलंच नाही.

कविता मात्र आधी ऐका. ‘कोझिमनिन कारासी’ म्हणजे माझ्या डोळ्यातली बाहुली, चालही त्याचीच, दोन तारांच्या डोंब्रावर गायलेलं शोधा, अर्थ नंतर बघा. अजून एक आहे, मूळ जर्मन कवी गटेची, कवी लेर्मोंतोव्हने रशियनमध्ये आणली आणि तिथून अबायने कझाकमध्ये, काळोख्या रात्री पेंगणाऱ्या डोंगराची. ही घरात वाचू नका, रात्री गर्दी ओसरली की उपवनला जा, तळ्याच्या कठड्यावर येऊरच्या डोंगराकडे तोंड करून बसा आणि मोठ्याने वाचा.