हे सत्य कोणत्या पातळीवरचं? बाधाची कसोटी लावायची रीत

अद्वैत वेदान्तात सत्तेच्या तीन पातळ्या मानतात. दोरीवर दिसलेला साप किंवा स्वप्न हे प्रातिभासिक, जागेपणीचं जग व्यावहारिक, आणि ब्रह्म पारमार्थिक. माध्यमिक बौद्ध दोनच मानतात : संवृतिसत्य, म्हणजे व्यवहारापुरतं सत्य, आणि परमार्थसत्य, म्हणजे अंतिम सत्य. वेदान्ताची कसोटी म्हणजे बाध, म्हणजेच नंतरच्या ज्ञानानं आधीचं ज्ञान खोटं ठरणं. ज्याचा तिन्ही काळी बाध होत नाही तेच निरपेक्ष.

सरावाला एकच वाक्य घ्या, तेही मनाला टोचणारं. 'आकाश निळं आहे' यावर मन तटस्थच राहतं. 'माझा अपमान झाला' हे वाक्य कामाचं. ते वहीत लिहा. कुणाच्या दृष्टीनं, कधी, कशाच्या तुलनेत, हे तिन्ही तपासा. यातलं एक बदलल्यावर वाक्य टिकत नसेल, तर ते सापेक्ष. मग विचारा : गाढ झोपेत हा अपमान कुठे होता? आता अपमान, त्यानं आलेला राग, राग दिसल्याची जाणीव, जे जे 'कळलं' ते दृश्य म्हणून बाजूला ठेवत जा. वीसेक मिनिटं पुरेत.

इथेच बहुतेक जण अडकतात. शांत वाटलं किंवा आत उजेड दिसला की 'हाच साक्षी', म्हणजे सगळं जाणणारा, असं ठरवून टाकतात. पण आला-गेला तो उजेडही दृश्यच. साक्षी समोर आणून बघता येत नाही.

दुसरी चूक म्हणजे ज्ञान झालं की जग दिसायचं थांबेल ही अपेक्षा. दोरी ओळखली की साप जातो, हा निरुपाधिक भ्रम, म्हणजे उपाधी (भास टिकवून ठेवणारं कारण) नसलेला. मृगजळ मात्र ओळखल्यावरही दिसत राहतं, कारण तापलेल्या हवेची उपाधी तिथेच असते, हा सोपाधिक. जगाचं दिसणं या दुसऱ्या जातीचं. फरक एवढाच की घागर घेऊन कुणी तिकडे धावत नाही.

सगळ्यात घातक म्हणजे पातळ्यांची सरमिसळ. उसने परत मागितले की 'सगळी मायाच' म्हणणाऱ्याला पैसे घेताना माया आठवलेली नसते! प्रश्न ज्या पातळीवरचा, उत्तर त्याच पातळीवर द्या : तापाला औषध, शोकाला सोबत. व्यवहाराचा आधार न घेता परमार्थ शिकवताच येत नाही, असं माध्यमिक मताचा आचार्य नागार्जुन यानंही बजावलं आहे. शिवाय 'सगळं सापेक्ष' म्हणजे 'सगळं सारखंच खरं' असंही नाही. व्यवहारात दोरीला साप म्हणणं ही चूकच.