नदीकाठचा रिनोव्हेट केलेला फ्लॅट घेताय? या चुका टाळा

नदीकाठचा फ्लॅट बघायला गेलं की होतं काय, दार उघडल्या उघडल्या समोरच्या काचेतून पाणी दिसतं आणि आपलं डोकं तिथेच बंद पडतं. मग एजंट एकेक दाखवत जातो, मार्बल, सॉफ्ट क्लोज ड्रॉवर, रेन शॉवर, आणि आपण माना डोलवत जातो. मी पण डोलवली होती. नशीब, बहीण बरोबर होती, तिने गुपचूप सिंकखालचं कपाट उघडलं, मागच्या प्लायवर हात फिरवला आणि मला म्हणाली, "इकडे ये, हात लाव." प्लाय फुगलेला, नख दाबलं की आत जायचं, आणि वरचा लॅमिनेट मात्र कोरा करकरीत! तो फ्लॅट सोडला. नंतर बरेच बघितले, एक घेतला, आणि त्यातही थोडा फसलोच, ते शेवटी सांगतो.

पहिली चूक म्हणजे ताज्या रंगावर विश्वास. सगळं घर रंगवलंय ते ठीक आहे, पण एखादीच भिंत नवी रंगवलेली असेल किंवा एकाच कोपऱ्यात वॉलपेपर आणि पॅनेलिंग असेल तर तिथे थांबा आणि विचारा, इथेच का? भिंतीत ओल असली की पाणी आतले क्षार बाहेर आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार पांढऱ्या पावडरीसारखे वर राहतात. त्याच्यावर कितीही भारी रंग मारा, काही महिन्यांत फुगे येऊन पापुद्रे सुटतातच. संशय असेल तर एक सोपी टेस्ट आहे, अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायचा आणि एक-दोन दिवसांनी काढायचा. भिंतीकडची बाजू ओली निघाली तर ओल आतून येतेय, खोलीकडची बाजू ओली असेल तर ती हवेतली दमट वाफ, म्हणजे व्हेंटिलेशनचा प्रॉब्लेम. दोन्हींचा इलाज वेगळा, खर्चही वेगळा. मालक फॉइल लावू देत नसेल तर त्यातच काय ते समजा.

दुसरी चूक, एकदाच आणि तेही मस्त ऊन असताना जाणं. नदी रोज तशी दिसत नाही. पाणी आटलं की वास येतो का, संध्याकाळी मच्छर किती, जोरदार पाऊस होऊन गेल्यावर खिडकीच्या चौकटीखाली पाणी येतं का, हे वेगवेगळ्या वेळी गेल्याशिवाय कळत नाही. आणि "एकदम शांत एरिया" हे तर रात्री दहानंतर जाऊन तपासाच. रात्री पाण्यालगतची हवा थंड आणि वरची गरम असली की आवाज वर निघून न जाता खाली वळतो, त्यामुळे पलीकडच्या काठावरचा स्पीकर आपल्या बेडरूममध्ये ठेवल्यासारखा ऐकू येतो.

तिसरी चूक मला सगळ्यात महाग वाटते, "आपण सहाव्या मजल्यावर, आपल्याला पुराचं काय". अहो, पाणी तुमच्या हॉलमध्ये नाही येणार, पण पाण्याचे पंप, मीटरचं पॅनेल, जनरेटर, लिफ्टचा खड्डा आणि तुमची गाडी, हे सगळं कुठे असतं? खाली. बेसमेंट भरलं की सहाव्या मजल्यावर ना लाइट, ना पाणी, ना लिफ्ट. आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे आता शंभर वर्षं सुट्टी असं नाही, दर वर्षी 1 टक्का शक्यता असा त्याचा अर्थ आहे, 30 वर्षांचं होमलोन धरलं तर त्या काळात एकदा तरी येण्याची शक्यता साधारण 26 टक्के निघते. म्हणून फ्लॅटआधी बेसमेंट बघा. मीटर छातीच्या उंचीवर नव्याने बसवलेले असतील तर ते उगाच नाही बसवलेले. आणि जुन्या वॉचमनला विचारा, पाणी कुठपर्यंत आलं होतं? एका बिल्डिंगमध्ये एजंट म्हणत होता इथे पाणी कधी आलंच नाही, आणि वॉचमनने काही न बोलता पिलरवर कमरेएवढ्या उंचीला हात ठेवला. एजंटने लगेच विषय बदलला.

आता ओपन किचन. भिंत पाडून हॉल मोठा केलेला असेल तर दिसायला छानच दिसतं, पण ती भिंत लोड घेणारी होती का, बीमला हात लावलाय का, परवानगी कुठंय, हे कागदावर मागा. तोंडी "इंजिनियरला दाखवलंय" चालणार नाही. तसंच फ्लोअरिंग. जुन्या लाद्या न काढता वर 5 सेंटिमीटर सिमेंटचा मसाला टाकला तर दर चौरस मीटरला साधारण 100 किलो वजन वाढतं, म्हणजे 4 बाय 5 मीटरच्या खोलीत 2 टन, त्यावर मार्बल वेगळा. ओळखायचं कसं? मेन दाराचा उंबरठा आणि बाल्कनीची चौकट जमिनीत बुडाल्यासारखी दिसते का बघा, दरवाजे खालून कापलेत का बघा.

वायरिंगमध्ये पण हाच खेळ, स्विच नवे आणि आतल्या वायरी जुन्या. डीबी, म्हणजे घरातल्या सगळ्या वायरी जिथे येतात तो मेन स्विचचा बॉक्स, उघडून दाखवायला सांगा, एसी, गीझर, ओव्हन एकदम चालू करा, आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबा. दाबल्यावर ट्रिप नाही झाला तर तो शोपीस आहे. कागदपत्रं वकिलाला दाखवा, मेन्टेनन्सची थकबाकी लेखी घ्या, त्यात काही वेगळं सांगायला नको.

आता माझी फजिती. मी घेतलेल्या फ्लॅटचं बाथरूम एवढं देखणं होतं की खालच्या मजल्यावर जाऊन विचारावं हे सुचलंच नाही. तीन महिन्यांनी खालच्या काकू वर आल्या, त्यांच्या छताला डाग. प्लंबर आला, बघितलं न बघितलं आणि म्हणाला सगळं फोडा! फोडू नका लगेच. आधी घरातले सगळे नळ बंद करून तासभर पाण्याचं मीटर बघा, काटा हलला तर प्रेशरच्या पाइपमध्ये लीकेज. आमचा हलला नाही. मग जाळीच्या तोंडाशी बोळा घट्ट बसवून जमिनीवर दोन बोटं पाणी 24 तास साठवून ठेवलं, खाली डाग वाढला नाही, म्हणजे वॉटरप्रूफिंग धड होतं. मग बोळा काढून तेच पाणी सोडलं, आणि दहाव्या मिनिटाला काकूंचा फोन. लफडं ट्रॅपच्या, म्हणजे जाळीखालच्या पाणी अडवून वास रोखणाऱ्या भागाच्या, जॉइंटमध्ये निघालं, रिनोव्हेशनवाल्याने नवी जाळी जुन्या पाइपवर नुसती टेकवून वरून सिमेंट फासलं होतं. घेण्याआधी हीच पाणी साठवून मग सोडायची टेस्ट केली असती, आणि सोडल्यावर खाली एक चक्कर मारली असती, तर मालकाच्या खिशातून झालं असतं.

चार टाइल्स काढाव्या लागल्या. त्या शेडची बॅच आता मिळत नाही, म्हणून आमच्या लक्झरी बाथरूममध्ये जाळीभोवती चार टाइल्स वेगळ्याच रंगाच्या आहेत, पाहुणे येणार असले की त्यावर पायपुसणं टाकतो.