अवाचं झाड नावानिशी कसं ओळखावं

कावा म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं झुडूप, त्याच्या मुळांचं पेय करतात; हवाईत त्याला 'अवा' म्हणतात. मिरी आणि विड्याचं पान ही त्याची सख्खी भावंडं, त्यामुळे कोकणातल्या माणसाला त्याच्या फुगीर गाठी बघताक्षणी ओळखीच्या वाटतील. जात ओळखताना पानांच्या नादी लागू नका, ती सगळ्यांची हृदयाच्याच आकाराची. पानं बाजूला सारून जून खोड बघा.

खोड वरपासून खालपर्यंत काळपट, गुळगुळीत, कांडी लांब? ती 'हिवा'. देवाला वाहायला हिला मोठा मान, आणि माझीही सगळ्यांत लाडकी. काळपट खोडावर गाठींपाशी पांढुरकी झाक असेल तर 'मोई'. हिरव्या खोडावर गडद ठिपके, तर 'नेने'. झाड बुटकं, पसरट दिसलं की नावात 'पापा' येणार: काळपट ती 'पापा एलेएले', फिकी ती 'पापा केआ'.

काही नावं मात्र ठिकाणांची आहेत. 'हनाकापिआई' कवाई बेटावरची, 'मापुलेहू' मोलोकाई बेटावरची. तिथे रंगावरून तर्क लढवू नका, रोप कुठून आलं ते विचारा.

सावलीत रंग फसवतो, म्हणून उन्हातलं खोड निवडा. अवाला बी धरत नाही, लागवड खोडाच्या तुकड्यांचीच. तुकडा कापताक्षणी त्यावर नावाची चिठ्ठी बांधा.