‘आवाज येतोय का?’ : गाडीत फोन जोडताना या चुका टाळा

माझ्या जुन्या गाडीत गाणी झकास वाजायची, पण फोन आला की आवाज मात्र फोनमधूनच यायचा. ॲक्सेसरीवाल्याने दोन मिनिटं पाहून ‘स्टिरिओच बदलून टाका’ असं सांगितलं आणि भावही काढून दिला. घरी येऊन फोनची सेटिंग्ज चाळली, तर एक बटण बंद होतं. स्टिरिओ ठणठणीत होता.

पहिली चूक हीच: ‘ब्लूटूथ जोडलंय ना, मग सगळं चाललं पाहिजे’ असं धरून चालणं. ब्लूटूथवर गाणी आणि कॉल एका वाटेने जात नाहीत. गाण्यांसाठी ए-टू-डी-पी नावाची वेगळी वाट आहे, कॉलसाठी एच-एफ-पी. एक चालू, दुसरी बंद असं सहज होतं. ॲण्ड्रॉइड फोनच्या ब्लूटूथ यादीत गाडीच्या नावाशेजारी गिअरचं चिन्ह असतं. ते दाबलं की कॉल, मीडिया आणि संपर्क यांची वेगवेगळी बटणं दिसतात. स्टिरिओवर नावाऐवजी नुसता नंबर येत असेल, तर पहिल्यांदा जोडताना घाईत संपर्काची परवानगी नाकारलेली असते. तीही इथेच मिळते.

याच दोन वाटांमुळे आणखी एक गैरसमज होतो. गाणं सुरेख वाजतं आणि कॉलवर मात्र माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा वाटतो, म्हणून लोक स्पीकर बदलायला निघतात. कॉलची वाट मुळातच अरुंद असते. आवाज मोनो, म्हणजे डावा-उजवा वेगळा नाही, आणि सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला घेतलेले आवाजाचे नमुने, जुन्या स्टिरिओत फक्त ८ किलोहर्ट्झ, नव्यांत १६. स्पीकर कितीही भारी लावले तरी त्यात फरक पडणार नाही.

समोरच्याला त्याचाच आवाज ऐकू येतो

ही तक्रार सर्वांत जास्त, आणि गंमत म्हणजे आपल्याला ती कळतच नाही. त्रास पलीकडच्याला होतो. आपण ऐकू यावं म्हणून गाडीचा आवाज वाढवतो, स्पीकरमधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि समोरचा स्वतःचीच वाक्यं ऐकत बसतो. मग तो ‘हॅलो, हॅलो’ करतो, आपण आवाज अजून वाढवतो. उपाय नेमका उलटा: कॉल चालू असतानाच आवाज कमी करा. ‘कॉल चालू असतानाच’ हे महत्त्वाचं, कारण बहुतेक गाड्यांत गाण्याचा, कॉलचा आणि नकाशातल्या बाईंचा आवाज वेगवेगळा साठवला जातो. बाई ओरडतात म्हणून गाणं चालू असताना बटण फिरवलं, तर फक्त गाणं बारीक होतं. त्या बोलत असतानाच बटण फिरवायचं.

बाहेरून बसवलेल्या स्टिरिओत माइक बऱ्याचदा पुढच्या पट्टीवरच एक बारीक भोक असतं. तिथून आपलं तोंड लांब आणि एसीची झडप जवळ. पंखा चारवर असेल तर पलीकडच्याला वादळच ऐकू येतं. एक-दोनवर आणा, मधली झडप माइकपासून वळवा, काचा वर घ्या. काही स्टिरिओंबरोबर वायरचा सुटा माइक येतो आणि तो खोक्यातच राहतो, कारण काचेच्या कडेच्या खांबातून वायर ओढण्याचा बसवणाऱ्याला कंटाळा. खोकं फेकण्याआधी बघा. असेल तर नंतर तरी लावून घ्या, स्टिरिओच्या सेटिंगमध्ये बाहेरचा माइक निवडायला सांगा आणि दुकानाच्या दारातूनच घरी एक कॉल करून पाहा.

फोन घरात, आवाज पार्किंगमध्ये

बायको गाडी सुरू करते, तुम्ही पहिल्या मजल्यावर फोनवर बोलताय, आणि अचानक संवाद गाडीत ऐकू येऊ लागतो. सासूबाईंबद्दल काही बोलत असाल तर अवघडच. गाडी ओळखीचा फोन टप्प्यात दिसला की त्याला आपणहून जोडते. स्टिरिओत प्राधान्य ठरवायची सोय असेल तर जो गाडी जास्त चालवतो त्याचा फोन वर ठेवा, नाहीतर दुसऱ्या फोनवर कॉलचं बटण बंद करा. गाणी तरी चालतील.

जोडणी सारखी तुटत असेल तर फोनमधून गाडीचं नाव उडवून पुन्हा जोडण्याने भागत नाही. गाडीच्या यादीतूनही फोन काढा, मगच नव्याने जोडा. स्टिरिओ ठरावीक संख्येचेच फोन लक्षात ठेवतो. भाच्याचा, मेहुण्याचा, गेल्या दिवाळीत विकलेला असे सगळे फोन त्या यादीत बसलेले असतात.

वायरची गोष्ट

ॲण्ड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनमधला नकाशा-गाणी गाडीच्या पडद्यावर दाखवणारी सोय, वायरने चालत नसेल तर आधी केबल बदला. सिग्नलवर घेतलेल्या स्वस्त केबलमधून पुष्कळदा नुसतं चार्जिंग होतं, डेटा जात नाही. गाडीत दोन यूएसबी असतील तर त्यातलंही एक फक्त चार्जिंगचं असू शकतं. जुन्या गाडीचं यूएसबी अर्धा अँपिअरच देतं, म्हणून नकाशा लावून निघालात की फोन चार्जिंगला असूनही बॅटरी उतरत जाते. त्यासाठी बारा व्होल्टच्या सॉकेटमधला बरा चार्जर हवा.

फोन ऑक्सच्या वायरने, म्हणजे हेडफोनच्या पिनच्या वायरने, स्टिरिओला जोडलेला असताना चार्जिंगला लावला की एक किरकिर सुरू होते आणि रेस वाढवली की तिचा सूर चढतो. हा अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर चालून वीज बनवणाऱ्या यंत्राचा आवाज. चार्जर काढून बघा. थांबला तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी ऑक्सच्या वायरीत बसवा. ऑक्सवर फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि स्टिरिओचा बेताचा. उलटं केलं की खरखर वाढते.

एफएम ट्रान्समीटर म्हणजे फोनमधलं गाणं गाडीच्या रेडिओवर पाठवणारी डबी. तिच्याबद्दल माझं मत वाईट आहे. ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मुंबईत मोकळी जागा शोधायची म्हणजे दादरला संध्याकाळी पार्किंग शोधण्यासारखं, आणि एका शहरात सापडलेली जागा दुसऱ्या शहरात कुठलंतरी केंद्र अडवून बसलेलं असतं.

निघण्याआधी

ताम्हिणी घाटात रेंज दगा देते, म्हणून गाणी आणि त्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्या. फोन काचेला चिकटवून उन्हात ठेवू नका. तापला की आधी चार्जिंग बंद होतं. एअरबॅगच्या झाकणावर तर स्टँड कधीच नको.

कायद्याचं थोडक्यात: १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता बघायला, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने वापरता येतं. फोन हातात धरून बोलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली येतं आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड १,००० ते ५,००० रुपये आहे. म्हणून गाणं निवडणं, पत्ता टाकणं, फोन जोडणं हे सगळं गाडी उभी असताना उरका.

आणि गाडी विकताना आरसीच्या कागदांइतकीच आठवणीने स्टिरिओची मेमरी पुसा. तुमची फोनबुक आणि नकाशात साठवलेला घरचा पत्ता त्यात तसाच पडून असू शकतो.