जुनी पद्मिनी उन्हात तापते? रेडिएटरची जाळी मागून धुवा

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर जातो आणि सात रस्त्याच्या सिग्नलला उभी असलेली प्रीमियर पद्मिनी कार तापायला लागते. माझ्या गाडीचं दुखणं रेडिएटरच्या, म्हणजे इंजिनचं पाणी गार करणाऱ्या भागाच्या, जाळीत निघालं. मंगळवेढ्याच्या फेऱ्यांमध्ये ज्वारीच्या मळणीचा भुसा आणि धूळ तिच्यात घट्ट बसली होती.

1. सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना बॉनेट उघडा. डिस्ट्रिब्युटरवर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) पाणी जाऊ नये म्हणून प्लास्टिकची पिशवी बांधा.
2. पाइपने पाणी पंख्याच्या बाजूने ग्रिलकडे सोडा. समोरून मारलं तर कचरा आणखी आत रुततो. धार हलकीच ठेवा, पातळ पत्र्या लगेच वाकतात. पलीकडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवत राहा. मला अर्धा तास लागला, पण फरक त्याच दुपारी जाणवला.
3. फॅनबेल्ट (पंखा फिरवणारा पट्टा) ढिला असेल तर ताणून घ्या.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी मात्र भरू नका, त्यातले क्षार नळ्यांत थर धरतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं घाला.

आणि गाडी तापलेली असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं.