एका वायरवरचं घड्याळ आणि माझे अकरा दिवस

वन-वायर म्हणजे एकाच तारेवरून चिपांशी बोलायची पद्धत. तार वर धरून ठेवणारा पुल-अप रेझिस्टर कशाला लावतात, विचारणारा मास्टर कोण आणि उत्तर देणारा स्लेव्ह कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. नसेल तर आधी ते वाचून या. मी अकरा दिवस जिथं अडकलो ती जागा तुम्हाला दाखवायची आहे, बाकी सगळं कुठंही मिळेल.

डिप्लोमा झाल्यावर बेळगावात उद्यमबागेतल्या एका लहान शॉपमध्ये लागलो. तिथल्या जुन्या टेस्टिंग मशीनला स्टीलच्या बटणासारखी डबी बसवलेली होती, डीएस १९९४. आत ४०९६ बिट मेमरी, घड्याळ आणि लिथियमचा सेल, सगळं सीलबंद. सेल संपला की तो बदलायची सोयच नाही. खडे बाजार पालथा घातला, मिळाली नाही. मालक म्हणाले, "इलेक्ट्रॉनिक्सवाला ना तू? मग कर की काहीतरी." म्हणून एका आर्डुइनो ऊनो बोर्डलाच (आपला प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा बोर्ड) त्या चिपचं सोंग घ्यायला लावायचं ठरवलं.

पहिली गोष्ट, डेटाशीट, म्हणजे चिपच्या माहितीचा कागद. ही चिप डॅलस सेमिकंडक्टरची. डॅलस २००१ मध्ये मॅक्सिमकडे गेली आणि मॅक्सिम २०२१ मध्ये ॲनालॉग डिव्हायसेसकडे, त्यामुळे एकाच कागदाच्या वेगवेगळ्या नावांच्या प्रती सापडतात. घाबरू नका. आणि पहिल्याच दिवशी कुणाची तरी लायब्ररी (दुसऱ्यानं लिहिलेला कोड) उचलून चिकटवू नका. तयार लायब्ररी चालते तोवर चालते. बंद पडली की तुमच्या हातात काहीच नसतं, आणि मालक मागे उभे असतात.

टायमिंगचं थोडक्यात सांगतो. मास्टरनं लाइन खाली ओढली की साधारण १५ मायक्रोसेकंदांच्या आत तो उत्तर बघतो. १६ मेगाहर्ट्झवर म्हणजे २४० क्लॉक. ऐकायला भरपूर वाटतात, पण इंटरप्टमध्ये (हातातलं काम थांबवून लगेच चालणारा कोड) शिरण्यात आणि रजिस्टर जपून ठेवण्यातच त्यातले बरेच जातात. आर्डुइनोचं तयार पण सावकाश डिजिटलराइट वापरू नका, थेट पोर्टला लिहा. लाइन कधीही स्वतः वर ढकलू नका, फक्त खाली ओढा नाहीतर सोडून द्या. आणि इंटरप्टमध्ये सीरियल प्रिंट टाकलात तर कपाळाला हात लावून बसाल. मी बसलो होतो.

आता तो सापळा.

बोर्ड चालू केला की पहिला सर्च, म्हणजे लाइनवर कोण आहे याचा मास्टरनं घेतलेला शोध, व्यवस्थित व्हायचा. ६४ बिटांचा नंबर यायचा, सीआरसी (नंबर बरोबर आला का ते तपासणारा आकडा) जुळायचा, मेमरीही वाचली जायची. दुसऱ्यांदा सर्च केला की मास्टर म्हणणार, लाइनवर कुणीच नाही. बोर्ड बंद करून चालू केला की पुन्हा एकदाच चालणार. शॉपमधले एक अनुभवी सर लांबूनच म्हणाले, "टायमिंगच असणार बघ." झालं. ४.७ किलोओमचा रेझिस्टर बदलला, वायर आखूड केली, दुसरा बोर्ड आणला. आठ दिवस यातच गेले. माझं मत स्पष्ट आहे: स्कोपवर (तारेवरचा सिग्नल दाखवणारं यंत्र) न बघता "टायमिंग" म्हणणारा गुरू नसलेलाच बरा. (सरांनीच पुढं लॉजिक ॲनालायझर दिला, हेही खरं.)

गोम अशी होती. या चिपला दोन पातळ्यांवर आज्ञा मिळतात. रीसेट म्हणजे मास्टरनं लाइन बराच वेळ खाली धरून नव्यानं सुरुवात करणं. त्यानंतरचा पहिला बाइट रॉमची आज्ञा असतो, म्हणजे कुणाशी बोलायचंय ते ठरतं. ते ठरल्यावर येणारा बाइट मेमरीची आज्ञा. आणि बाइट तेच! एफ-झिरो (हेक्समधला आकडा) दारात आला तर सर्च रॉम, आत आला तर रीड मेमरी. फाइव्ह-फाइव्ह दारात मॅच रॉम, आत कॉपी स्क्रॅचपॅड, म्हणजे तात्पुरत्या जागेतलं मेमरीत उतरवणं. आपल्याकडं ताई म्हटलं की मोठी बहीण, शेजारच्या कन्नड घरात तायी म्हणजे आई. हाक कुठल्या उंबऱ्याच्या आत मारलीय ते आधी बघावं लागतं, तसंच हे.

मी "आत आलोय" असा एक फ्लॅग (कोडमधली खूण) ठेवला होता आणि रीड मेमरीचं काम संपलं की तो पुसत होतो. चूक इथंच. रीड मेमरी आपणहून संपतच नाही. मास्टरला हवं तेवढं वाचून झालं की तो मध्येच रीसेट मारतो. माझा कोड रीसेटला प्रेझेन्स पल्स (मी लाइनवर आहे हे सांगणारा सिग्नल) द्यायचा, शहाण्यासारखा "आहे" म्हणायचा, पण फ्लॅग तसाच. मग सर्चचा एफ-झिरो आला की तो त्याला रीड मेमरी समजून पत्त्याची वाट बघत गप्प बसायचा. लाइन वरच राहायची, मास्टरला दोन्ही बिट एक दिसायचे, आणि दोन्ही एक म्हणजे कुणीच नाही.

मॅच रॉमचं तर त्याहून वाईट. माझा कोड त्याला कॉपी समजायचा आणि मागून येणारे नंबरचे पहिले तीन बाइट पत्ता म्हणून तपासायचा. ते स्क्रॅचपॅडच्या पत्त्याशी आणि स्टेटसशी जुळत नव्हते म्हणून कॉपी झाली नाही. ज्यानं ही तीन बाइटांची कडी ठेवली त्याला मनापासून नमस्कार.

उपाय एका ओळीचा: रीसेट कधीही, कुठंही येऊ दे, आधी सगळी अवस्था पुसा आणि मगच प्रेझेन्स द्या. अर्धवट बाइट, बिटांचा मोजणारा, फ्लॅग, सगळं. काम संपल्यावर आवरू असं म्हणू नका. आणि तपासताना बोर्ड बंद न करता सर्च, वाचन, पुन्हा सर्च, असं निदान वीस वेळा फिरवा. एकदा चाललं म्हणून चहाला जाऊ नका.

बाविसाव्या वर्षी अकरा दिवस गेले म्हणून रडू आलं होतं, खोटं कशाला बोलू. तुमचेही जातील. चालतंय.

घड्याळाचा भाग त्यामानानं सोपा. पाच बाइट असतात: पहिला सेकंदाचा २५६वा भाग, उरलेले चार नुसते सेकंद. तारीख-वार काही नाही, शून्य कुठून धरायचा ते वापरणाऱ्यानं ठरवायचं. पाच बाइट पाठवायला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात घड्याळ पुढं सरकू शकतं. पहिला बाइट २५५ गेला आणि लगेच सेकंद वाढला, तर मास्टरला वेळ एक सेकंद पुढची दिसते. म्हणून वाचनाची आज्ञा आली की पाचही बाइट एकदम बाजूला काढून ठेवा आणि तेच पाठवा. आणि ऊनोच्या स्वतःच्या क्लॉकवर वेळ मोजू नका, त्यात सिरॅमिक रेझोनेटर आहे, दिवसाला काही मिनिटं इकडंतिकडं होऊ शकतात. वेगळा ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल ऑसिलेटर लावा.

माझ्या बोर्डाला बॅकअप सेल अजून लावलेला नाही. करंट गेला की घड्याळ शून्यावर येतं आणि ऑपरेटर मला हाक मारतो, "काय करूलालास रे, वेळ बसव की!" सेलचा होल्डर ड्रॉवरमध्ये आणून ठेवलाय.