शरदात लहानग्यांशी खेळताना बडोद्यातल्या आईबाबांनी या चुका टाळाव्यात

इंटरनेटवर लहान मुलांसाठी शरदातले खेळ शोधले की लाल-पिवळ्या पानांचे ढीग, मोठाले भोपळे आणि लोकरीच्या टोप्या समोर येतात. पहिली चूक इथेच होते. आश्विनात बडोद्यात पानं गळत नाहीत. पाऊस नुकताच गेलेला असतो, कडुलिंब आणि वड हिरवेगार असतात. कडुलिंब-पिंपळाची पानगळ शिशिरात, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास होते. मग ढीग जमत नाही म्हणून लाल क्रेप कागदाची पानं कापली जातात, आणि अंगणातल्या पारिजातकाचा सडा मात्र झाडूने लोटून टाकला जातो.

खरं तर दीड ते तीन वर्षांच्या मुलासाठी पारिजातकासारखं दुसरं खेळणं नाही. फूल रात्री उमलतं आणि पहाटे आपोआप गळून पडतं, म्हणजे तोडायची गरज नाही, काट्यांची भीती नाही. मूलही त्याच वेळेला जागं होऊन घरभर फिरत असतं. हातात एक छोटी परडी किंवा वाटी द्या आणि खाली बसा. चिमटीत नाजूक देठ धरणं हा त्या वयाच्या बोटांना उत्तम व्यायाम आहे. मग परातीत पाणी घेऊन फुलं तरंगवा, किंवा केशरी देठ जुन्या पांढऱ्या रुमालावर चोळून पिवळा-केशरी रंग उमटवा. मूल फुलं चुरगळत असेल तर हात धरू नका. चुरगळल्यावर काय होतं हेच ते बघत असतं. दोन गोष्टी मात्र सांभाळा. फुलांखाली मुंग्या असतात, म्हणून बसण्याआधी जागा झटकून घ्या. आणि नऊ वाजेपर्यंत थांबू नका, तोवर फुलं मलूल होतात आणि मूलही कंटाळलेलं असतं.

चुकीची वेळ

बिघडलेल्या बऱ्याचशा सहलींचं मूळ घड्याळात सापडतं. पाऊस परतल्यावर दिवाळीपर्यंत बडोद्यात दुपारी पारा ३५ अंशांपर्यंत सहज जातो. रात्री गार वाटतं, म्हणून आपण फसतो. अकरा वाजता कमाटीबागेत पोचलेलं मूल अर्ध्या तासात लालबुंद होतं, घसरगुंडीचा पत्रा पोळतो आणि सगळे चिडून घरी येतात. सकाळी सात ते नऊ किंवा संध्याकाळी पाचनंतरची वेळ पकडा. दुपारची झोप मोडून कुठेही नेऊ नका. एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसा-रात्रीची मिळून ११ ते १४ तास झोप लागते. ती तुटली की सगळ्यात आवडता खेळही रडण्यात संपतो.

कमाटीबाग म्हणजे सयाजीबाग, सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये शहराला दिलेली. तिथे एका सकाळी प्राणिसंग्रहालय, पक्षी, फुलांचं घड्याळ आणि संग्रहालय असं सगळं उरकायचा मोह होतो. दोन वर्षांच्या मुलाला तेवढं पचत नाही. एक फेरी, एकच गोष्ट. एखाद्या दिवशी नुसतं वडाच्या पारंब्यांशी खेळून परत या. उन्हं चढली असतील तर १८९४ मध्ये उघडलेल्या संग्रहालयाची सावली आहे, आणि तिथला निळ्या देवमाशाचा सांगाडा मुलं मान मागे टाकून बघत राहतात. तेवढं बघून निघालात तरी सकाळ सार्थकी लागली. बाकीच्या दालनांसाठी मूल मोठं होईपर्यंत भरपूर वेळ आहे.

बागेला लागून विश्वामित्री वाहते, आणि तिच्यात मगरी आहेत हे बडोदेकरांना सांगायला नको. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या वस्त्यांमध्येही शिरल्या होत्या. हवा गार होत जाते तशा त्या उन्हाला काठावर येऊन पडतात. मुलाला मगर दाखवायची असेल तर पुलावरून, कडेवर घेऊन दाखवा. काठावर उतरू नका, नाल्याच्या कडेलासुद्धा नको.

मोकळ्या जागी बसण्याआधी गवत ओळखून घ्या. पावसानंतर गाजरगवत माजतं आणि त्याने कोवळ्या अंगावर पुरळ उठतं. बिया गोळा करण्याचा खेळ छान आहे, पण बिट्टी, गुंज, एरंड आणि धोतरा यांच्या बिया विषारी असतात. गुंजेचा लाल-काळा रंग तर मुलांना ओढूनच घेतो. या चारांपैकी काहीही परडीत नको. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्याचा जोर सकाळी आणि मावळतीला, म्हणजे नेमका आपल्या खेळाच्या वेळी. अंगभर सुती कपडे घाला. लिंबाच्या वासाच्या निलगिरीचं तेल असलेलं डास पळवणारं औषध तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नका.

गरब्याला नेताय?

न्यावं, जरूर न्यावं. बडोद्यात वाढणाऱ्या मराठी मुलाला नवरात्र टाळ्यांच्या ठेक्यातच कळतं. चूक होते ती मोठ्या मैदानातल्या गरब्याला, रात्री अकरा वाजता, स्पीकरच्या भिंतीजवळ उभं राहण्यात. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तो आवाज तुमच्या कडेवरच्या कानांसाठी जास्त आहे. कानात कापसाचे बोळे घालून काही होत नाही, उलट ते तोंडात जातात. नेणारच असाल तर कान झाकणारे, हेडफोनसारखे मफ आणा आणि स्पीकरपासून लांब उभे राहा.

त्याहून चांगला उपाय आपल्या दाराशी आहे: शेरी गरबा, म्हणजे गल्लीतला गरबा. सोसायटीत किंवा पोळमध्ये, म्हणजे जुन्या गल्लीवस्तीत, आरतीनंतर लगेच पहिली फेरी सुरू होते. तेव्हा आजीबाई आणि लहान मुलंच जास्त असतात, ठेका संथ असतो. एवढी एक फेरी करून घरी या. मूल गोलात जायला तयार नसेल तर ढकलू नका. बाहेर बसून टाळ्या वाजवू द्या, तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्वतःच बोट धरून ओढेल. चणिया-चोळी घालायची असेल तर आधी प्रत्येक आभला (शिवलेला छोटा आरसा) आणि मणी ओढून बघा. सैल असेल तो काढून टाका, आणि आतून सुती अस्तर नसेल तर खाली सुती झबलं घाला. जरीने टोचलेलं मूल रडतं आणि आपण समजतो की त्याला गरबा आवडत नाही.

दुपारच्या वेळेला घरी गरबो, म्हणजे नवरात्रातलं दिव्याचं मडकं, रंगवता येतो. कुंभाराकडून छोटं मडकं आणा, गेरू आणि हळदीचं पाणी कालवा, आणि ब्रशऐवजी बोटं वापरू द्या. पाच-सात मिनिटांत मूल उठून गेलं तर तुमचा बेत फसला असं समजू नका, या वयाचं लक्ष तेवढंच टिकतं. मडकं तिथेच ठेवा, संध्याकाळी ते पुन्हा येईल.

भोंडला, आणि खिरापतीतला धोका

दांडियाबाजार-रावपुऱ्याच्या जुन्या मराठी घरांना भोंडला नवा नाही. आता तो फ्लॅटच्या गच्चीवरही होतो, आणि लहानग्यांसाठी तर तो गरब्याहूनही सोपा आहे: मधे पाटावर हत्ती, भोवती फेर, शेवटी खाऊ. इथे दोन चुका वारंवार दिसतात.

एक म्हणजे हत्ती भरायला मुलांच्या हातात डाळ, राजमा, हरभरे देणं. फोटो सुरेख येतो, पण या वयाची मुलं दाणा नाकात घालतात. गेलाच तर पिन, चिमटा किंवा बोट घालून काढायला जाऊ नका, तो आणखी आत सरकतो. पाणीही घालू नका, कडधान्य फुगतं. सरळ कानाच्या-नाकाच्या डॉक्टरांकडे न्या. हत्ती भरायचा तर झेंडूच्या पाकळ्या द्या. झेंडूचं फूल कुस्करून पाकळ्या मोकळ्या करणं हाच मुलांना स्वतंत्र खेळ वाटतो. बाजारातली फुलं आधी धुऊन घ्या, त्यांवर औषधं फवारलेली असतात. रांगोळीची बारीक पूडही नको, ती श्वासात आणि डोळ्यांत जाते. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून बोटांनी ठिपके काढू द्या.

दुसरी चूक खिरापतीची. खिरापत ओळखण्याची गंमत मोठ्यांना येते, पण डब्यात फुटाणे, अख्खे शेंगदाणे, खोबऱ्याचे काप असले तर लहानांसाठी तो धोका आहे. दाढा नीट आलेल्या नसतात आणि मूल फेर धरून पळत असतं. लहानांची खिरापत वेगळी करा: मऊ सांजा, शिरा, कुस्करलेलं केळं, आणि बसवून भरवा. ठसका लागला आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, पाठीत मारत सुटू नका. आवाजच फुटत नसेल, श्वास घेता येत नसेल तर वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळव्याने पाच जोराचे दणके द्या. नाही निघालं तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली पाच वेळा आत आणि वर दाबा. हे आलटून पालटून चालू ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगा. दिसत नसलेला घास बोट घालून चाचपू नका. हे वाचून ठेवण्यापेक्षा कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्या, एवढी मनापासून विनंती.

दसऱ्याला आपट्याचं पान मुलाच्या हातात देऊन घरातल्या प्रत्येकाला वाटायला लावा, अगदी कामाला येणाऱ्या मावशींनाही. देणं या वयात फार आवडतं. फाफडा-जिलबीतला फाफडा मात्र कडक असतो, तो मोडून भिजवून द्या.

कोजागरीला जागवू नका

मध्यरात्रीपर्यंत मुलाला जागं ठेवायची काही गरज नाही, कारण पौर्णिमेचा चंद्र मावळतीच्या सुमारासच उगवतो. बडोद्यात त्या दिवसांत सूर्य साधारण सव्वासहाला मावळतो. त्याआधी गच्चीवर जा, पूर्वेकडे तोंड करून बसा, आणि इमारतींच्या मागून मोठा, पिवळट चंद्र वर येताना बघा. ढग येतील असं वाटत असेल तर आदल्या संध्याकाळीच जा, चतुर्दशीचा चंद्र याहून थोडा आधी उगवतो, आणि मुलाच्या डोळ्यांना तोही तेवढाच गोल. चंद्र पुरेसा वर आला की परातीत पाणी घेऊन त्याला खाली उतरवा. रामाला आरशात चंद्र दाखवल्याची गोष्ट सांगायला याहून चांगली वेळ नाही. पाण्यात हात घातला की चंद्र मोडतो, थांबलं की पुन्हा जुळतो. हे किती वेळा करायचं ते मुलाला ठरवू द्या. कठड्याजवळ खुर्ची, स्टूल, कुंडी असं चढण्यासारखं काही ठेवू नका.

दुधाचं सांगायचं तर बदाम-पिस्त्याचे काप मुलाच्या पेल्यात नकोत, पूड चालेल. शेजारी शरद पूनमचे (कोजागरीचे) दूधपौवा, म्हणजे दुधातले पोहे, घेऊन येतील, तेही मऊ असल्याने मुलांना आवडतात. पण चांदण्यात तासन्‌तास उघडं ठेवलेलं दूध लहानांना देऊ नका. त्यांचा वाटा आधीच काढून, ताजा असतानाच द्या.

दिवाळी आणि किल्ला

फटाक्यांबद्दल थोडक्यात: तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात फुलबाजी नको, ती हजार अंशांवर जळते. भाजलंच तर २० मिनिटं वाहतं गार पाणी, आणि टूथपेस्ट, तूप, हळद काही नाही. बॅटरीच्या पणत्या सुरक्षित वाटतात, पण त्यांच्या आतली चपटी बटण-बॅटरी गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. स्क्रूने बंद होणाऱ्या पणत्याच घ्या. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, तडक इस्पितळ गाठा.

आता किल्ला. इथे बाबा आणि मोठी भावंडं गड बांधतात, बुरूज रेखीव होतो, आणि दोन वर्षांचं पिल्लू येऊन त्यावर बसतं. मग ओरडा, रडणं, रुसवा. मूल खोड्या करत नसतं, त्याला माती हवी असते. मोठ्यांच्या किल्ल्यापासून दोन हातांवर त्याचा वेगळा ढीग घाला आणि तो मोडायलाच आहे असं घरात सगळ्यांना सांगून टाका. विटांऐवजी नारळाच्या करवंट्या आणि लाकडी पळी द्या. माती कुत्र्या-मांजरांनी घाण केलेल्या जागेतली नको, तिच्यातून जंत होतात. ती आणून दोन दिवस कडक उन्हात पसरा, खडे-काचा वेचा आणि खेळून झाल्यावर साबणाने हात आणि नखं धुवा. मावळे निवडताना सव्वा इंच रुंदीची नळी हाताशी ठेवा. जो मावळा तिच्यातून आत जातो तो तोंडातही जातो, त्याला मोठ्यांच्या किल्ल्यावर, उंचावर पाठवा.

डोंगरावर हिरवळ उगवायचं काम पूर्णपणे लहानग्याकडे द्या. अळीव आणि मोहरी दोन्ही घ्या, अळीव एक-दोन दिवसांत मोड काढतो आणि मुलाला तेवढीच वाट बघता येते. चिमूटभर बी त्याच्या तळहातावर ठेवा, टाकू द्या. एकाच जागी सगळं पडलं तरी चालेल. पाणी तांब्याने ओतलं तर बी वाहून पायथ्याशी जमतं, म्हणून फडकं ओलं करून पिळू द्या. चार दिवसांत काहीच आलं नाही तर बहुधा दुपारच्या उन्हाने वरची माती सुकली असेल. पुन्हा बी टाका, वर ओलं सुती फडकं पसरा आणि मोड दिसले की काढून घ्या. मोहरीला आणखी एखाद-दोन दिवस द्या. उगवलेली रोपं मूल उपटून बघेल, उपटू द्या आणि थोडं बी वाटीत मागे ठेवा, म्हणजे त्याच जागी पुन्हा पेरता येईल.